सुखवस्तू मनाचा हिशेब : एक प्रस्तावना

गरिबीवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. दुष्काळ, कर्ज, ऊसतोड, स्थलांतर, शेतकऱ्यांच्या आत्महत्या यांवर अहवाल आहेत, कादंबऱ्या आहेत, आत्मकथने आहेत. गरीब माणूस दिवसाला काय खातो, उसने कोणाकडून घेतो, मुलीला शाळेतून कधी काढतो, हे आपण त्याच्या दारात जाऊन विचारले आणि लिहून काढले. ज्याच्या घरात पुरेसे आहे, त्याच्या दारात असे प्रश्न घेऊन फारसे कोणी गेले नाही. तुमच्याकडे आहे ते कसे आले, असे तुम्हाला वाटते? शेजारच्या वस्तीत ते नाही, हे पाहून मनात काय येते? आपल्या मुलांना ही तफावत तुम्ही कशी समजावून सांगता? पुढील लेखांचा विषय हे प्रश्न आहेत, आणि विषमता समजून घ्यायची तर त्यांना टाळून चालणार नाही, या खात्रीने मी ही प्रस्तावना लिहीत आहे.

या विषयासाठी मलबार हिलच गाठायला हवी असे नाही. परभणी जिल्ह्यातील पूर्णा त्याला पुरेशी आहे, किंबहुना अधिक योग्य आहे. मोठ्या शहरात सधन आणि निर्धन यांच्यामध्ये फाटके, पहारेकरी आणि मैलोन्‌मैल अंतर असते. पूर्णेसारख्या गावात बागायतदार आणि सालगडी एकाच बाजारात भेटतात, एकाच गाडीची वाट पाहत स्टेशनवर उभे राहतात, एकमेकांच्या आजोबांची नावे त्यांना ठाऊक असतात. इथे विषमता नजरेआड करता येत नाही. म्हणून तिच्यासोबत रोज जगायचे, तर मनाला काही ना काही स्पष्टीकरण जवळ बाळगावेच लागते. ती स्पष्टीकरणे कोणती, ती कुठवर खरी आणि कुठे अपुरी, हे पाहणे हे या प्रस्तावनेचे काम.

आधी या गावात सुबत्ता कशी आली, ते पाहू. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. ‘टाइम’ या अमेरिकन साप्ताहिकाने २२ फेब्रुवारी १९३७ च्या अंकात सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांना मुखपृष्ठावर घेतले आणि जगातील सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून त्यांची ओळख करून दिली. त्या काळात मराठवाड्यातल्या गावागावांत जहागीरदार, देशमुख, पाटील यांच्या गढ्या होत्या. १९४९ साली जहागिरी रद्द झाल्या, १९५० साली हैदराबाद राज्याचा कुळकायदा आला. गढ्यांचे बुरूज ढासळले, पण चांगली जमीन ज्यांच्याकडे होती त्यातल्या बऱ्याच घरांकडे ती राहिली.

त्याआधी, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, मनमाड ते सिकंदराबाद हा रेल्वेमार्ग गोदावरीच्या खोऱ्यातून गेला. पुढे हिंगोलीकडे फाटा निघाला, तो कालांतराने अकोल्यापर्यंत पोचला आणि पूर्णा जंक्शन झाली. स्टेशनाभोवती व्यापार वाढला. रेल्वेच्या नोकरीने दरमहा पगार, क्वार्टर, पास आणि निवृत्तिवेतन असलेला एक नवा वर्ग गावात आणला. पावसावर ज्याचे पोट नाही असा माणूस या भागात तोपर्यंत विरळाच होता. मग १९६० च्या दशकात पूर्णा नदीवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे झाली. कालव्याचे पाणी आले, काळ्या जमिनीत कापूस आणि ज्वारीच्या जोडीला ऊस आणि केळी उभी राहिली. ज्याच्या शेतात चारी पोचली तो बागायतदार झाला. ज्याच्या बांधापाशी ती थांबली तो कोरडवाहू राहिला. ज्याच्याकडे जमीनच नव्हती तो दोघांच्याही शेतात मजुरीला गेला. त्यानंतर शिक्षक, डॉक्टर, गुत्तेदार, कृषी सेवा केंद्रांचे मालक असा आणखी एक थर आला, आणि त्यांची मुले नांदेड, पुणे, हैदराबाद इथे शिकायला गेली.

यातली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पूर्णेच्या आजच्या सुबत्तेचा कोणताही थर उकरला, तरी खाली एखादे सार्वजनिक काम सापडते. रेल्वे साऱ्या राज्याच्या महसुलातून आली. धरणे सरकारी पैशातून झाली, आणि त्यांच्या पाण्याखाली कोणाची तरी गावे आणि शेते गेली. शाळा, कृषी विद्यापीठ, बँका, हमीभाव यांतले काहीही एकट्या घराने उभारलेले नाही. घराने कष्ट केले, हेही खरेच. पण ते कष्ट कशावर उभे राहिले, ही आठवण सुखवस्तू मनातून सर्वांत आधी पुसली जाते.

म्हणून पहिले स्पष्टीकरण कष्टांचेच असते. “आम्हाला कोणी फुकट दिले नाही.” हे वाक्य पूर्णेत ऐकू येते तसे पुण्यात येते आणि न्यू जर्सीतल्या मराठी घरातही येते. ते खोटे नाही. पहाटे तीनला मोटार सुरू करायला विहिरीवर गेलेला शेतकरी, सुटीच्या दिवशीही दुकान उघडणारा व्यापारी, कंदिलाच्या उजेडात शिकून रेल्वेत लागलेला मुलगा, यांच्या कष्टांना कमी लेखणे अन्यायाचे आहे. प्रश्न एवढाच, की कापूस वेचणारी बाई दिवसभर उन्हात वाकलेली असते, बाजारात हमाल पोती वाहतो, सालगडी गुढीपाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत राबतो. त्यांचेही कष्टच असतात. कष्ट दोन्हीकडे असतील, तर दोन्हींच्या फळांतला फरक कष्टांनी समजावता येत नाही. तो जमिनीने, पाण्याने, जातीने, ओळखीने आणि आजोबांच्या सातबाऱ्याने समजावावा लागतो.

हे विस्मरण केवळ आपल्याकडचे नाही. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात पॉल पिफ या मानसशास्त्रज्ञाने ‘मोनोपॉली’ या व्यापाराच्या खेळावर एक प्रयोग केला. नाणे उडवून एका खेळाडूला सुरुवातीलाच दुप्पट पैसे द्यायचे आणि नियमही त्याच्याच सोयीचे ठेवायचे. पक्षपात दोघांच्या डोळ्यांदेखत झालेला असे. तरीही जिंकलेल्यांना का जिंकलात असे विचारले, की ते आपण कुठे हुशारीने खेळलो ते सांगत. उडवलेल्या नाण्याची आठवण मागे पडे. काही मिनिटांच्या खेळात असे होत असेल, तर तीन पिढ्यांच्या शेतीत, वाड्यात आणि दुकानात काय होत असेल, याचा अंदाज बांधता येतो.

दुसरे स्पष्टीकरण जिव्हाळ्याचे. “तो आमच्या घरचाच माणूस आहे.” सालगड्याबद्दल, घरकाम करणाऱ्या मावशींबद्दल, जुन्या मुनिमाबद्दल हे वाक्य मनापासून म्हटले जाते. त्याच्या मुलीच्या लग्नाला मालकाने उचल दिलेली असते, आजारपणात त्याला परभणीच्या दवाखान्यात नेलेले असते, सणाला त्याच्या लेकरांना कपडे घेतलेले असतात. ही माया मी नाटक मानत नाही. तरी तिची दुसरी बाजू पाहायला हवी. उचल फिटली नाही तर पुढचे साल त्याच दारात काढावे लागते. घरचा माणूस म्हटले की कामाचे तास, साप्ताहिक सुटी आणि किमान वेतन यांबद्दल बोलणे कृतघ्नपणाचे वाटू लागते. आणि वाटणीच्या वेळी घरच्या माणसांत त्याचे नाव कधी निघत नाही.

या नात्याकडे खालून पाहण्याची परंपरा या जिल्ह्याला परकी नाही. पूर्णेपासून जवळच असलेले गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मगाव मानले जाते. नामदेवांच्या घरी त्या दासी म्हणून राहिल्या, आणि दळण, कांडण, झाडलोट या कामांतूनच त्यांची कविता आली. सुमारे सातशे वर्षांपूर्वी मराठीने घरातल्या दासीचा आवाज जपून ठेवला. आज आपल्या घरात काम करणाऱ्या बाईला हे घर कसे दिसते, हे विचारण्याची हिंमत किती घरांत आहे? मालकाचे मन समजून घेताना हा प्रश्न सतत शेजारी ठेवावा लागतो, नाहीतर हा अभ्यास मालकाच्याच बाजूने झुकतो.

तिसरे स्पष्टीकरण साधेपणाचे. निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काटकसरीच्या कथा अजून सांगितल्या जातात. त्यांचा पोशाख साधा असे, स्वतःवरचा खर्च ते फार कमी ठेवत. पण त्यांच्या साध्या पोशाखाने जहागिरीतल्या कुळाचा वाटा वाढला नाही. आपल्याकडे पैसा असूनही साधे राहणाऱ्याला मान आहे आणि तो असावाही. उधळपट्टीने गरिबाच्या डोळ्यांत खुपू नये, एवढे भान चांगलेच. पण साधेपणा हा खर्च करण्याच्या रीतीबद्दल आहे, मिळकतीच्या वाटणीबद्दल तो काही बोलत नाही.

न्यूयॉर्कमधील श्रीमंत कुटुंबांशी बोलून रेचल शर्मन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी २०१७ साली ‘अनइझी स्ट्रीट’ हे पुस्तक लिहिले. त्यात एक श्रीमंत आई आहे. नव्या कपड्यांवरची, अगदी पावावरचीही किमतीची चिठ्ठी ती काढून टाकते, मुलांना सांभाळणाऱ्या बाईच्या नजरेस ती पडू नये म्हणून. त्या आईच्या मनात संकोच आहे, म्हणजे तफावत तिला दिसते आहे. पण चिठ्ठी काढल्याने पावाची किंमत बदलत नाही आणि त्या बाईचा पगारही वाढत नाही. संकोचाचा उपयोग तफावत झाकण्यासाठी झाला. शर्मन यांना आणखी एक गोष्ट आढळली. यातली पुष्कळ माणसे आपल्याहून श्रीमंत असलेल्यांकडे पाहत होती आणि स्वतःला मधली समजत होती.

हे मधले समजणे पूर्णेतही आहे आणि त्याला इथे खरे कारणही आहे. पंधरा-वीस एकर बागायत असलेल्या माणसाची केळी एका वादळात आडवी होते, भाव एका आठवड्यात पडतो, पावसाने ओढ दिली की धरणच भरत नाही. त्याची भीती खोटी नाही. शिवाय त्याची नजर नांदेडच्या रुग्णालयांकडे आणि पुण्याच्या फ्लॅटांकडे असते, त्यामुळे आपण मागे पडलो असे त्याला वाटते. मराठवाडा विकासात मागे ठेवला गेला, हे दुःखही त्याच्या मनात असते आणि ते रास्त आहे. पण प्रदेशावर अन्याय झाला म्हणून प्रदेशाच्या आतला अन्याय मिटत नाही. वादळात केळी गेली तर बागायतदाराचे वर्ष जाते, त्याच बागेत काम करणाऱ्याची चूल त्या संध्याकाळीच अडते. देशाच्या पातळीवर पाहिले, तर ‘वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅब’च्या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली मांडलेल्या अंदाजानुसार २०२२-२३ मध्ये भारतातील वरच्या १ टक्का लोकांकडे उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के हिस्सा होता. पूर्णेतला बागायतदार त्या १ टक्क्यात बहुधा नसेल. पण वरच्या टोकाचा हा आकडा त्याला खालच्या माणसाच्या हिशेबातून मोकळे करत नाही.

चौथे स्पष्टीकरण पुण्याईचे, आणि त्याला जात चिकटलेली आहे. माणसाला नुसते सुखी असून पुरत नाही, आपण त्या सुखाला पात्र आहोत असेही वाटावे लागते, हे जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी दाखवून दिले. आपल्याकडे ही पात्रता पूर्वसंचिताने आणि जन्माने पुरवली. म्हणून सुबत्तेत पैशाखेरीज मानही मोजला जातो. कोणी आधी नमस्कार करायचा, कोणी कुठे बसायचे, कोणी कोणाला अरे-तुरे करायचे, हा मान कमी होतो असे वाटले तर माणसे पैसा गेल्यापेक्षा अधिक बिथरतात. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. नाव दिल्याने कोणाची एक एकर जमीनही जाणार नव्हती. दलितांची शिकलेली, नोकरीला लागलेली पिढी गावात ताठ मानेने चालू लागली होती, हे त्या रोषामागचे एक मोठे कारण होते. विशेषाधिकार गमावण्याची भीती म्हणजे काय, हे समजायला मराठवाड्याला परदेशी ग्रंथांची गरज नाही.

पाचवे स्पष्टीकरण दानाचे. सप्ताहाची पंगत, मंदिराचा कळस, उन्हाळ्यातली पाणपोई, शाळेला दिलेली खोली यांतून गावाचे कितीतरी काम होते. महात्मा गांधींच्या विश्वस्ततेच्या कल्पनेने या वृत्तीला मोठी उंची दिली. संपत्तीचा मालक हा समाजाचा विश्वस्त, असे ती मानते. वर्ध्याच्या जमनालाल बजाजांनी ती जगण्याचा प्रयत्न केला आणि १९२८ साली आपले लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले. त्या काळी ते सोपे नव्हते. पण डॉ. आंबेडकरांनी १९४५ साली काँग्रेस आणि गांधी यांच्यावरील आपल्या ग्रंथात विश्वस्ततेवर जो आक्षेप घेतला, तो आजही उभा आहे. सत्ताधारी वर्गाच्या सद्भावनेवर दुर्बळांचे हक्क सोपवता येत नाहीत. दान कोणाला, किती आणि केव्हा द्यायचे, हे देणारा ठरवतो. हक्क मागताना हात जोडावे लागत नाहीत.

मग सधन माणसाचे मन वेगळे असू शकते का? असू शकते, आणि त्याचे पुरावे आपल्याच इतिहासात आहेत. परंपरा सांगते, की तुकोबांनी पिढीजात सावकारीतल्या आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली. त्यांनी नवे काही दान केले नाही, दुसऱ्याच्या मानेवरचा आपला हक्क सोडला. महात्मा फुले सरकारी बांधकामांची कंत्राटे घेणारे सुस्थितीतले गृहस्थ होते. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला आणि १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून, वरच्या वर्गाचे ऐश्वर्य कोणाच्या घामातून येते ते मांडले. दोघांनाही आपल्या मिळकतीचा उगम ठाऊक होता आणि तो त्यांनी लपवला नाही.

हीच जाण आंबेडकरी चळवळीतल्या पहिल्या सुखवस्तू पिढीत दिसते. रेल्वेच्या, शिक्षण खात्याच्या, बँकेच्या नोकरीने ज्यांच्या घरात प्रथमच महिनाअखेर पगार आला, त्यांना तो कशामुळे आला हे ठाऊक होते. त्यामागे संविधान होते, आरक्षण होते, आधीच्या पिढीची लढाई होती. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकून वर गेलेल्यांनी आपली निराशा केल्याची खंत जाहीरपणे बोलून दाखवली. ती खंत आजही घराघरांत सांगितली जाते आणि समाजाचे ऋण फेडण्याची भाषा त्या आठवणीतून येते. सारेच ते फेडतात असे नाही. पण ‘मी एकट्याने मिळवले’ असे म्हणणे तिथे अवघड जाते, आणि हा फरक मोठा आहे. आरक्षणाने वर आलेल्याला आपली मदत आठवावी लागते, जग त्याला ती विसरू देत नाही. कालव्याने, वतनाने किंवा वशिल्याने वर आलेल्याला ती आठवण कोणी करून देत नाही. या लेखांनी ती करून द्यावी, अशी माझी अपेक्षा आहे.

मात्र जाणीव झाली म्हणजे काम झाले, असे मी मानत नाही. महाराष्ट्राने एकदा या जाणिवेला कायद्याचे रूप दिले होते. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातली माणसे खडी फोडायला रस्त्यावर आली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना त्या काळात राज्यभर गेली, तिचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. तिच्यासाठी पैसा कुठून आला, हे पाहण्यासारखे आहे. १९७५ साली व्यवसाय कर आला, तो शहरातल्या पगारदारांनी आणि व्यावसायिकांनी भरला. बागायती जमिनीवरही विशेष आकारणी झाली. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून मराठवाड्यातल्या मजुराला काम मिळाले, आणि ते त्याने हक्काने मागितले. योजनेत गैरव्यवहार झाले, मजुरी उशिरा मिळाली, हे खरे. तरी कोणाच्या दारात न जाता काम मागता येते, हा अनुभव तिने दिला, आणि २००५ च्या केंद्रीय कायद्याला तिचाच आधार होता.

याच्या उलट उदाहरणेही आपलीच. जमीनधारणेच्या कमाल मर्यादेचा कायदा १९६१ चा. १९७५ पासून बारमाही बागायतीला १८ एकर आणि कोरडवाहूला ५४ एकर अशी मर्यादा आली. गावोगाव नातेवाइकांच्या नावे जमिनी वाटून ती चुकवली गेली, आणि ती चुकवणाऱ्यांना समाजात कमीपणा आला नाही. वारसा संपत्तीवरील कर १९५३ साली आला, १९८५ साली गेला. १९५७ चा संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पाने रद्द केला. शेतीचे उत्पन्न कितीही असले तरी प्राप्तिकरातून मुक्त आहे. आणि रोजगार हमीला ज्याने हात दिला तो व्यवसाय कर वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये आहे. ही मर्यादा १९८८ पासून संविधानात तीच आहे, पगार वर्षाला पाच लाख असो की पाच कोटी. सुखवस्तू मनाला काय वाटते, हे त्याच्या बोलण्यापेक्षा या कायद्यांत अधिक स्पष्ट वाचता येते.

वाचकाने हे लेख वाचताना दोन टोके टाळावीत, अशी विनंती आहे. एक टोक तिरस्काराचे. ज्याच्याकडे आहे तो प्रत्येक जण निर्दय असतो, हे धरून चालले तर त्याचे मन कळणार नाही आणि बदलणारही नाही. दुसरे टोक कौतुकाचे. श्रीमंताला अपराधी वाटते, एवढ्यावर त्याला प्रमाणपत्र देऊ नये. अपराधी वाटणे ही खाजगी गोष्ट आहे. मजुरी, पाणी, जमीन आणि कर या चारचौघांतल्या गोष्टी आहेत, आणि विषमतेचा निकाल तिथे लागतो.

हे वाचणारे तुम्हीही बहुधा कोणाच्या तरी तुलनेत सधन असाल. म्हणून पुढचे पान उलटण्याआधी तुमच्या घरचा एक हिशेब कागदावर मांडा. जमीन, शिक्षण, नोकरी, घर यांतले काय कोणत्या सार्वजनिक कामातून, कोणत्या कायद्यातून, कोणाच्या कमी मजुरीतून आले, ते लिहा. मग तुमच्याकडे राबणाऱ्या माणसाला किमान वेतन आणि आठवड्याची सुटी मिळते का, ते पाहा. मिळत नसेल तर या महिन्यापासून द्या, आणि ते दान म्हणून नव्हे, देणे म्हणून द्या.